पानावरच्या दोन सह्या

मी ज्या वर्तमानपत्रात काम करते, त्याच्या नाशिक कार्यालयात छापायला पाठवण्याआधी प्रत्येक पानाची मोठ्या कागदावर प्रिंट काढतात. ज्याने पान लावलं असेल तो उपसंपादक ती प्रिंट वाचतो, खाली उजव्या कोपऱ्यात सही करतो आणि सहीखाली वेळ लिहितो. मग ऑपरेटर ते पान अंबडच्या छापखान्याकडे पाठवतो. याला आम्ही पान सोडणं म्हणतो. नियमाप्रमाणे सही एकच लागते.

माझ्या पानावर नऊ वर्षं दोन सह्या असत.

दुसरी सही शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या ज्येष्ठ उपसंपादकांची होती. मी त्यांना सर म्हणते. ते ग्रामीण डेस्कचे प्रमुख होते. डेस्कवरच्या इतर कुणाच्या पानावर त्यांची सही नसे, कारण इतर कुणी ती मागत नसे. माझं पान जिल्ह्याच्या तालुक्यांचं. सुरगाणा, पेठ, सटाण्याकडे जाणाऱ्या गाड्या आधी निघतात, म्हणून हे पान संध्याकाळी साडेसातला सुटलंच पाहिजे. पावणेसातला मी दोन प्रिंट काढत असे, एक त्यांच्यासाठी आणि एक माझ्यासाठी.

याची सुरुवात एका निधनवार्तेने झाली.

तालुक्यांचं पान माझ्याकडे येऊन तेव्हा दोन महिने झाले होते. त्याआधी सात वर्षं मी इतरांच्या पानांसाठी बातम्या तपासून देत होते. एका दुपारी लासलगावच्या वार्ताहराने व्हॉट्सअ‍ॅपवर दोन बातम्या पाठवल्या. एका गावातल्या गृहस्थांचं निधन झालं होतं. दुसऱ्या गावातल्या गृहस्थांची ज्येष्ठ नागरिक संघाच्या अध्यक्षपदी निवड होऊन सत्कार झाला होता. दोघेही सत्तरीच्या पुढचे, दोघांच्याही डोक्यावर पांढरी टोपी. वार्ताहराने खाली लिहिलं होतं, ‘पहिला फोटो निधनाचा, दुसरा सत्काराचा.’ त्याने ज्या क्रमाने पाठवले त्या क्रमाने फोटो आले नाहीत. नेटवर्क कमी होतं आणि त्यातला एक फोटो जड होता, तो मागे राहिला. मी आले त्या क्रमाने लावले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सत्कार झालेले गृहस्थ एसटीने नाशिकला आले आणि पत्ता विचारत कार्यालयात पोचले. सोबत मुलगा होता.

“तुम्हीच का पान लावणाऱ्या बाई?”

“हो.”

“मी जिवंत हाय. आधी एवढं नीट बघून घ्या.”

संपादकांनी त्यांना खुर्ची दिली. मागून कुणीतरी, अशा वेळी म्हणतात तसं, म्हणालं, “आजोबा, आयुष्य वाढलं म्हणायचं!”

“वाढलं आसंल,” ते म्हणाले. “पण जो गेला त्याच्या घरच्यांचं काय? त्यांच्या बापाचा तुम्ही सत्कार केला. घरात सुतक, आन् पेपरात अभिनंदन.”

कुणी हसलं नाही. ते माझ्याकडे वळले.

“नाव दुसऱ्याचं आन् तोंड माझं. माझी बहीण विंचूरला ऱ्हाती. तिला वाचता येत नाय. तिनं तोंड पाहिलं. रिक्षा करून रडत आली. दार मीच उघडलं. ती उंबऱ्यातच बसली ती तासभर उठली नाय. अजून माझ्याशी बोलत नाय. तिला मी काय सांगू, तेवढं सांगा.”

माझी चूक झाली, एवढंच मला म्हणता आलं. त्यांनी चहा घेतला, बशी टेबलावर ठेवली आणि जाताना म्हणाले, “बघून लावत जा, बाई.”

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापली. मला मेमो मिळाला नाही. संपादकांनी एकच प्रश्न विचारला, “शंका आली नाही का?”

मी नाही म्हणाले. ते खरं नव्हतं. निधनवार्तेत मी ज्या माणसाचा फोटो लावला, त्याच्या कपाळावर ताजा गुलाल होता. सत्काराच्या बातमीतला फोटो जुना, कडा पिवळ्या पडलेला, ओळखपत्रावरून काढलेला होता. हे दोन्ही मी पान लावताना पाहिलं होतं. हात थांबलाही होता. मग मी स्वतःला सांगितलं, की वार्ताहर पंधरा वर्षं हे काम करतोय, आपल्याला दोन महिने झालेत, त्याला माहीत असेल.

म्हणजे माझ्या डोळ्यांनी चूक पकडली होती, ती सोडून दिली होती माझ्या मनाने. या घटनेतून काढायचा निष्कर्ष उघड होता. मी त्याच्या नेमका उलटा काढला. आपल्यावर सोपवलं की चूक होते, असा.

त्या संध्याकाळी ज्येष्ठ उपसंपादक म्हणाले, “उद्यापासून पान मला दाखवत जा. थोडे दिवस.”

ते थोडे दिवस नऊ वर्षं चालले. गुलालवाले गृहस्थ मधल्या काळात खरोखर गेले. त्यांची निधनवार्ता माझ्याच पानावर लागली. तो फोटो मी तीन जणांना दाखवला होता.

पहिली काही वर्षं सर लाल पेन घेऊन वाचत. मथळ्यातला शब्द बदलत, गावाचा तालुका चुकला असेल तर त्याला गोल करत. लाल खुणा असलेली प्रिंट मी घडी करून टेबलाच्या खालच्या खणात ठेवत असे. आपण कुठे चुकतो ते कळावं म्हणून. पुढे त्यांची पद्धत बदलली. ते प्रिंट हातात घेऊन खुर्चीत मागे टेकत आणि म्हणत, “वाच.” मी माझ्या प्रिंटवरून मोठ्याने वाचत असे. आधी मथळे, मग फोटोंच्या ओळी, मग पूर्ण मजकूर. वाचताना एखादी चूक माझी मलाच ऐकू येई. मी थांबून ती दुरुस्त करत असे. ते “हं” म्हणत. शेवटी मी माझं बोट कोपऱ्यावर ठेवून म्हणत असे, “इथे, सर.” ते सही करत.

जुन्या छापखान्यात एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने ताडून पाहायचं अशी रीत होती, हे मला ठाऊक होतं. मला वाटलं, सर मला ती शिकवत आहेत.

कार्यालयात माझ्या पानाला ‘दोन सह्यांचं पान’ म्हणत. आमचा ऑपरेटर मालेगावचा. घरी यंत्रमाग, हा एकटाच संगणकाकडे आलेला. तो म्हणायचा, “ताईंचं पान म्हणजे कोर्ट मॅरेज. साक्षीदार आल्याशिवाय काम पुढे जात नाही.” मीही हसत असे.

या नऊ वर्षांत मला दोनदा वरची जागा देऊ केली गेली. एकदा पुरवणीची, एकदा दुसऱ्या जिल्ह्याच्या डेस्कची. दोन्ही वेळा मी नाही म्हणाले. दुसऱ्या वेळी मुलगा दहावीत आहे असं कारण दिलं. तो तेव्हा आठवीत होता. बाईने घरचं कारण दिलं की पुढे कुणी विचारत नाही, हे मला माहीत होतं आणि मी त्याचा उपयोग केला. खरं कारण इतकंच होतं, की तिथे दुसरी सही करायला सर नसते.

मग सरांच्या निवृत्तीचा महिना आला. डेस्कप्रमुखाच्या जागेसाठी मुख्य कार्यालयातून एक पानाचा अर्ज आला. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत भरून द्यायचा होता. संपादकांनी सोमवारी मला केबिनमध्ये बोलावलं.

“भरताय ना?”

“विचार करते.”

“तुमचा विचार मला माहीत आहे. मुलगा आता बारावीत असेल.”

“कॉलेजला गेला.”

“मग आता कारण नवीन शोधावं लागेल,” असं म्हणून त्यांनी अर्ज माझ्या पुढ्यात सरकवला.

बाहेर आले तर शहर डेस्कचा एक उपसंपादक वाट पाहत होता. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, कामाला चांगला.

“मॅडम, तुम्ही भरणार असाल तर मी नाही भरत. सिनियर आहात तुम्ही. पण भरणार नसाल तर उगाच जागा बाहेरच्याला जायला नको.”

“भर तू,” मी म्हणाले.

“नक्की ना? नंतर म्हणाल, पोरानं जागा लाटली.”

“भर म्हटलं ना.”

अर्जात नेहमीचे रकाने होते. शिक्षण, वय, नोकरीची वर्षं. सहाव्या ओळीत लिहिलं होतं, ‘स्वतंत्रपणे पान सोडण्याचा अनुभव’, आणि पुढे मोकळी जागा. माझी नोकरी सोळा वर्षांची. तालुक्यांचं पान नऊ वर्षं माझ्याकडे. त्यातली किती स्वतंत्रपणे, हे मोजायला वेळ लागला नाही. पहिले दोन महिने सोडले तर शून्य, आणि त्या दोन महिन्यांचा शेवट कसा झाला ते सगळ्यांना माहीत होतं. चुकीची माहिती मी दुसऱ्याच्या बातमीत राहू देत नाही. अर्ज खणात ठेवून दिला.

बुधवारी पावणेसातला मी नेहमीप्रमाणे दोन प्रिंट काढल्या. प्रिंटरच्या ट्रेमधून कागद उचलले, एक सरांना दिला, एक घेऊन समोर बसले.

“वाच.”

मी वाचलं. पानावर पेठ तालुक्यातल्या पाणीयोजनेची मोठी बातमी होती, खाली दोन निधनवार्ता. सर हातातल्या कागदाकडे पाहत ऐकत होते. दोनदा “हं” म्हणाले. मी बोट ठेवलं, त्यांनी सही केली आणि चहाला खाली गेले. सात वाजून दहा मिनिटं झाली होती.

प्रिंट ऑपरेटरकडे देताना मला पानाच्या वरच्या बाजूला कांद्याचा फोटो दिसला. विंचूरच्या बाजारातला भरलेला ट्रॅक्टर. तो फोटो मंगळवारच्या पानावर होता. ट्रेमध्ये आदल्या दिवशीची एक प्रिंट पडून राहिली होती. ती मी न पाहता नव्या कागदांबरोबर उचलून सरांना दिली होती. वीस मिनिटं मी बुधवारचं पान वाचत होते आणि त्यांच्या हातात मंगळवारचं पान होतं. त्याच्यावर त्यांनी सही केली होती.

मी कागद ऑपरेटरच्या टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं. त्याने तारीख पाहिली, मग सही पाहिली.

“क्या ताई, आत्ता कळलं?”

“काय?”

“सरांना दिसत नाही. बारीक अक्षर तर दोन वर्षं झाली, नाहीच. ते पान कानाने सोडतात.”

“तू सांगितलं नाहीस.”

“कोणाला सांगू? साहेबांना सांगितलं तर त्यांची नोकरी जाईल. तुम्हाला सांगितलं तर तुमची झोप. पान बरोबर जातंय ना, मग मी कशाला तोंड घालू?” त्याने घड्याळाकडे बोट केलं. “अठरा मिनिटं आहेत. पान कुठाय?”

मी बुधवारची प्रिंट घेऊन उभी राहिले. खाली जाऊन सरांना वर बोलावता आलं असतं. ते आले असते, सही केली असती, आणि ती कशाची सही आहे हे या वेळी मला माहीत असतं. मी खुर्ची ओढून बसले आणि पान पुन्हा वाचलं. या वेळी मनात.

दुसऱ्या निधनवार्तेपाशी थांबले. हरसूलकडच्या एका पाड्यावरची बाई, आश्रमशाळेत पुष्कळ वर्षं स्वयंपाक केलेली. वय बहात्तर असं लिहिलं होतं. फोटोतली बाई फार तर पन्नासची दिसत होती. केसात अबोलीचा गजरा, तोंडभर हसू. मोठ्याने वाचताना मी फोटोखालची ओळ वाचली होती, फोटो पाहिला नव्हता. सरांनी तो पाहिलाच नव्हता.

हरसूलच्या वार्ताहराला फोन लावला.

“मॅडम, तीच आहे ओ. घरच्यांनीच दिलाय फोटो.”

“घरच्या कुणी? तुझ्या हातात दिला?”

“पुतण्याने पाठवला मोबाईलवर.”

“घरी जा आणि मुलाला दाखव.”

“आता? पान सुटायची वेळ झाली ना तुमची?”

“तू जा. मी थांबते.”

“एवढ्यासाठी थांबता? फोटो काढून टाका ना मग,” तो वैतागला होता, पण मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

फोटो काढून बातमी तशीच सोडता आली असती. दुसरं कुणी असतं तर मीच तसं सुचवलं असतं. मी काढला नाही. का, याचं उत्तर मी नंतर शोधलं. गुलालवाल्या गृहस्थांच्या बहिणीला वाचता येत नव्हतं. पाड्यावर या बाईला ओळखणाऱ्या पुष्कळ जणांना वाचता येत नसणार. त्यांच्यासाठी बातमी म्हणजे तो फोटोच.

साडेसातला छापखान्यातून फोन आला. ऑपरेटरने मला विचारलं, “काय सांगू?”

“मी थांबवलंय म्हणून सांग.”

सात बत्तीसला हरसूलचा फोन आला. वार्ताहराने तो दुसऱ्या कुणाच्या हातात दिला. आवाज पुरुषाचा, थकलेला.

“आईच हाय ती. आमच्याकं दुसरा फोटो नाय. पुतणीच्या लग्नातला हाय, वीस वर्सं झाली असतील. छापताय ना तुम्ही?”

“हो,” मी म्हणाले. “छापतेय.”

कोपऱ्यात सही केली. खाली वेळ लिहिली, सात चौतीस. सहीच्या शेजारची जागा मोकळी राहिली. फोटो बरोबर होता. चार मिनिटांचा उशीर कशासाठी झाला, याचं दाखवण्यासारखं काही माझ्याकडे नव्हतं. दुसऱ्या दिवशी उशिराच्या पानांच्या यादीत माझं पान होतं. अर्जाच्या आठवड्यात.

गुरुवारी दुपारी सर चहाला निघाले तेव्हा मीही खाली गेले. जिन्यात ते कठड्याला हात लावून उतरतात, हे मी रोज पाहत होते. गुडघे दुखत असतील, असं मी समजत होते. टपरीवर दोन कटिंग घेतले.

“सर, काल मी तुम्हाला चुकून मंगळवारचं पान दिलं होतं.”

“कांदा होता त्यावर?”

“हो.”

“लाल रंग दिसला मला. म्हटलं, आज पुन्हा कांदा. पण आपल्या पानावर कांदा रोजच असतो.” ते हसले. मी हसले नाही, ते त्यांना कळलं असावं. “काचबिंदू आहे. डावा गेला. उजव्याने मोठे मथळे दिसतात. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही, आहे तेवढं सांभाळा. निवृत्तीपर्यंत सांभाळायचं होतं.”

“मला का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर तू पान आणणं बंद केलं असतंस.”

“हो.”

“मग त्या टेबलावर माझं काय काम राहिलं असतं? बाकीचे कुणी मला काही दाखवत नाहीत. तू रोज पावणेसातला यायचीस. डेस्कचा प्रमुख पान तपासतोय असं दिसायचं.” त्यांनी ग्लास चाचपडत फळीवर ठेवला. “हे मी तुझ्या भल्यासाठी केलं असं म्हणणार नाही. माझ्यासाठी केलं. तुला सांगायला हवं होतं.”

मला राग आला होता. तो मी तिथे बोलून दाखवला नाही. बातमीदार विचारतो तसं मी विचारलं, “कधीपासून?”

“दिसेनासं होऊन दोन वर्षं झाली. पण तू ते धरू नको. लाल पेन कधी बंद झालं ते बघ. तुझ्या खणात असेल.”

वर येऊन मी खालचा खण उघडला. घड्या केलेल्या प्रिंट तारखेप्रमाणे लावलेल्या होत्या. पहिल्या वर्षाचा गठ्ठा जाड होता, दुसऱ्याचा त्याहून कमी. सगळ्यात वरची, शेवटची प्रिंट चार वर्षांपूर्वीची होती. तिच्यावर एकच लाल खूण होती, एका आडनावातल्या वेलांटीची. त्यानंतर त्यांना दिसत होतं अशी दोन वर्षं गेली, आणि दिसत नव्हतं अशी दोन. चारही वर्षांत त्यांनी माझ्या पानावर काही बदललं नव्हतं.

हा खण माझ्या पायाशी होता. मी तो चुकांची नोंद म्हणून सांभाळला होता आणि चुका कधी थांबल्या हे पाहायला एकदाही उघडला नव्हता.

शुक्रवारी अर्ज पुढ्यात घेतला. सहाव्या ओळीत चार वर्षं लिहिता आली असती आणि ते खोटं ठरलं नसतं. पण कार्यालयात त्या चार वर्षांच्या पानांवर दोन सह्या होत्या. पान स्वतंत्रपणे सोडलं असं मी म्हणाले असते, तर दुसरी सही कशाची, असा प्रश्न कुणीतरी विचारला असता. सरांच्या निवृत्तीला आठ दिवस होते. बाहेर आलं असतं तर ते आठ दिवस आणि त्यांची सगळी नोकरी त्याच एका गोष्टीने ओळखली गेली असती. त्यांनी मला नऊ वर्षं सांभाळलं की अडवलं, हे मला त्या दिवशी ठरवता आलं नाही. आजही पूर्ण ठरवता येत नाही. पण त्यांचे डोळे विकून ती जागा घ्यायची नाही, एवढं ठरलं होतं.

गुरुवारी पानावर पुन्हा दोन सह्या झाल्या होत्या. मी लिहिलं, ‘एक दिवस’. आणि बुधवारच्या प्रिंटची प्रत अर्जाला जोडली.

शहर डेस्कवरच्या त्या उपसंपादकाला आधी जाऊन सांगितलं. “मीही भरतेय.”

“मॅडम, सोमवारी तर तुम्ही…”

“सोमवारी म्हणाले होते. आज भरतेय.”

“म्हणजे आता खरी स्पर्धा,” तो म्हणाला. आवाजात थोडी नाराजी होती. ती असायला हरकत नव्हती.

मुलाखत पुढच्या मंगळवारी झाली. समोर संपादक, आणि मुख्य कार्यालयातले एक अधिकारी पडद्यावर.

“एक दिवस?” अधिकाऱ्यांनी विचारलं. “सोळा वर्षांत?”

“एका सहीने सोडलेलं पान तेवढंच आहे. पहिले दोन महिने धरले नाहीत. त्यांचा शेवट दुरुस्ती छापून झाला होता.”

“आणि हे पान चार मिनिटं उशिरा गेलंय.”

“हो. फोटोबद्दल शंका होती.”

“फोटो चुकीचा निघाला?”

“नाही. बरोबर निघाला.”

“मग उशीर फुकट गेला.”

“तसं म्हणता येईल,” मी म्हणाले. “पुन्हा शंका आली तर पुन्हा थांबवीन.”

पडद्यावरचे गृहस्थ काहीतरी लिहीत होते. संपादकांनी विचारलं, “आणि नऊ वर्षं ज्या दोन सह्या होत्या, त्यांची गरज होती?”

“पहिली पाच वर्षं होती,” मी म्हणाले. “पुढे ती सवय होती. माझी.”

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. काही वाक्यं मी बोलले नव्हते. ती न बोलण्याचा निर्णयही मी कुणाला विचारून घेतला नव्हता.

आठवड्याअखेर पत्र आलं. सहा महिने पाहून मग कायम करू, असं त्यात लिहिलं होतं. शहर डेस्कवरचा उपसंपादक पेढे मागायला सगळ्यांत आधी आला. ऑपरेटर म्हणाला, “ताई, आता साक्षीदार बंद?”

सरांचा शेवटचा दिवस शनिवार होता. दुपारी त्यांना शाल आणि श्रीफळ दिलं, चारजण बोलले. ते बोलायला उभे राहिले आणि दोन वाक्यांत खाली बसले. लोक पांगले, पण ते घरी गेले नाहीत, आपल्या टेबलावर बसून राहिले. पावणेसातला मी प्रिंट काढल्या. सवयीने दोन निघाल्या. तारखा दोन्हींवरच्या पाहिल्या आणि एक त्यांच्या हातात दिली.

“वाच,” ते म्हणाले.

मी वाचलं. खालच्या कोपऱ्यात त्यांच्या निवृत्तीची चार ओळींची बातमी होती, तीही वाचली. ते “हं” म्हणाले. मग खिशातलं पेन काढून त्याचं टोपण उघडलं आणि माझं बोट कुठे येतं याची वाट पाहत हात कागदावर ठेवला.

मी बोट ठेवलं नाही.

“आज सही नको?” त्यांनी विचारलं.

“नको, सर. निवृत्तीच्या बातमीत तुमच्या गावाचा तालुका मी निफाड लिहिलाय. बरोबर आहे ना?”

“बरोबर आहे,” ते म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं.

मी माझ्या प्रिंटवर सही केली. पान सात सव्वीसला सुटलं.